संकरित मोटारगाडीतील ऊर्जेचा जमाखर्च

संकरित, किंवा रूढ भाषेत हायब्रिड, मोटारगाडीविषयी दोन परस्परविरोधी समजुती आढळतात. पहिली समजूत अशी की, ही गाडी आपल्यापुरती वीज आपणच निर्माण करते आणि म्हणून तिचा काही प्रवास फुकट होतो. दुसरी समजूत अधिक विचारपूर्वक बनलेली असते. पेट्रोलपासून यांत्रिक शक्ती, यांत्रिक शक्तीपासून वीज, विजेपासून रासायनिक साठा आणि साठ्यापासून पुन्हा वीज व गती असा हा द्राविडी प्राणायाम आहे. प्रत्येक रूपांतरात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाणारच. तेव्हा सरळ मार्ग सोडून आडवळणाने जाणाऱ्या गाडीस इंधन कमी कसे लागेल, असा या पक्षाचा आक्षेप आहे.

पहिली समजूत ऊर्जा-अक्षय्यतेच्या नियमाशी विसंगत असल्यामुळे तिचा फार ऊहापोह करण्याचे कारण नाही. ज्या गाडीस बाहेरून वीज भरण्याची सोय नाही, तिच्या चाकांपाशी पोचणारा प्रत्येक जूल अखेरीस पेट्रोलच्या टाकीतूनच येतो. दुसरा आक्षेप मात्र शास्त्रीय स्वरूपाचा आहे. रूपांतरांत हानी होते हे खरे असूनही बचत होते हेही प्रत्यक्ष चाचण्यांवरून सिद्ध आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे ऊर्जेचा जमाखर्च मांडून स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. घरच्या विजेवर भरता येणाऱ्या संकरित गाड्यांचा विचार येथे केलेला नाही.

पूर्वेतिहास

ही कल्पना नवी नाही. व्हिएन्ना येथील लोहनर यांच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास पेट्रोल एंजिने, जनित्रे आणि चाकांच्या तुंब्यात बसविलेली विद्युत् चलित्रे यांची सांगड घातलेली गाडी तयार केली होती. बेल्जियममधील हेन्री पीपर यांना अशाच स्वरूपाच्या योजनेचे अमेरिकी एकस्व १९०९ मध्ये मिळाले. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, एंजिन सुरू करण्यासाठी हाताने दांडा फिरविण्याची गरज उरली नाही, आणि दोन यंत्रणांचा भार वाहणारी गाडी मागे पडली. तिच्या मार्गात आणखीही एक अडचण होती. एंजिन आणि विद्युत् चलित्र, म्हणजे बोलीतील मोटर, यांच्यात क्षणाक्षणाला कामाची वाटणी करणे मानवी हाताच्या आवाक्यातले नव्हते. शक्तिशाली अर्धसंवाहक साधने आणि स्वस्त संगणक-नियंत्रण उपलब्ध झाल्यावरच ते शक्य झाले. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेली टोयोटाची प्रियस ही मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली संकरित मोटारगाडी होय. २००३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिची रचना सुपरिचित आणि विवेचनास सोयीची असल्याने पुढील विवेचनात उदाहरण म्हणून मुख्यतः तिचाच आधार घेतला आहे.

गाडीची गरज किती?

प्रथम गाडीला चालण्यासाठी नेमकी किती ऊर्जा लागते ते पाहू. १,३०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक मध्यम गाडी सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर या स्थिर वेगाने जात आहे असे समजा. टायरांचा लोटण-विरोध वजनाच्या सुमारे एक-शतांश धरल्यास तो १२७ न्यूटन भरतो. गाडीचा समोरील छेद २.२ चौरस मीटर आणि वायुरोध-गुणांक ०.३० धरल्यास हवेचा विरोध सुमारे ७६ न्यूटन होतो. एकूण विरोध २०३ न्यूटन आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती २.८ किलोवॉट, म्हणजे चार अश्वशक्तीहूनही कमी. हाच वेग ताशी १०० किलोमीटर केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती १२ किलोवॉटांवर जाते.

हे आकडे लहान वाटतात, पण एंजिनाची निवड त्यांवरून होत नाही. चढ, पुढील वाहनास ओलांडून जाणे, प्रवासी व सामान घेऊन झटकन वेग घेणे अशा मोजक्या क्षणांसाठी गाडीत ७० ते ८० किलोवॉट शक्तीचे एंजिन बसवावे लागते. लग्नाच्या एका दिवसाच्या पंगतीसाठी घेतलेल्या मोठ्या भांड्यात वर्षभर दोन माणसांचा भात शिजवावा, तशी ही स्थिती आहे. संकरित गाडीच्या बचतीचे मूळ या विषमतेत आहे.

एंजिनाचा स्थिर खर्च

पेट्रोल एंजिनाची कार्यक्षमता ही एक ठराविक संख्या नसून ती भारानुसार बदलते. विशिष्ट गतीने फिरणाऱ्या एंजिनात दर सेकंदाला खर्च होणारे इंधन आणि त्यापासून मिळणारी शक्ती यांचा आलेख काढला, तर तो बऱ्याच मर्यादेपर्यंत सरळ रेषेत येतो. परंतु ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही. मिळणारी शक्ती शून्य असतानाही इंधनाचा काही खर्च शिल्लक राहतो. वाफेच्या एंजिनांवर प्रयोग करणाऱ्या विलन्स या एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश अभियंत्याच्या नावाने ही रेषा ओळखली जाते.

या स्थिर खर्चाची कारणे दोन. एक, दट्ट्या, कडी, झडपा व धारवे यांच्यातील घर्षण. ते भार कमी झाला म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. दुसरे कारण पेट्रोल एंजिनाच्या नियंत्रण-पद्धतीत आहे. शक्ती कमी हवी असता हवेच्या वाटेवरील थ्रॉटल झडप अर्धवट मिटली जाते. त्यामुळे सिलिंडरात हवा ओढताना दट्ट्याला आंशिक निर्वाताविरुद्ध काम करावे लागते. या पंपन-हानीचे प्रमाण भार कमी होईल तसे वाढत जाते.

उदाहरणादाखल, एका एंजिनाचा स्थिर खर्च इंधनाच्या रूपाने ६ किलोवॉट आहे आणि त्यापुढील प्रत्येक किलोवॉट शक्तीसाठी २.५ किलोवॉट इंधन लागते असे धरू. ताशी ५० किलोमीटर वेगासाठी सुमारे ३ किलोवॉट शक्ती घेतल्यास इंधनखर्च ६ अधिक ७.५, म्हणजे १३.५ किलोवॉट होतो. कार्यक्षमता केवळ २२ टक्के. त्याच एंजिनाकडून १५ किलोवॉट घेतले तर खर्च ४३.५ किलोवॉट आणि कार्यक्षमता ३४ टक्क्यांहून थोडी अधिक. एंजिन तेच, इंधन तेच. स्थिर खर्च अधिक कामावर वाटला गेला इतकाच फरक.

गाडी सिग्नलपाशी उभी असता तर कार्यक्षमता शून्यच असते. दीड लिटर धारणेचे एंजिन नुसते चालू राहण्यास ताशी सुमारे अर्धा लिटर पेट्रोल घेते. तासाभराच्या शहरी प्रवासातील पंधरा मिनिटे उभे राहण्यात गेली आणि त्या तासात एकूण सव्वा लिटर पेट्रोल खर्च झाले असे मानल्यास, त्यातील सुमारे दहावा हिस्सा गाडी जागची न हलताच जळून जातो.

घटमालेची दलाली

यावरून एक उपाय सहज सुचतो. एंजिन थोडा वेळ १५ किलोवॉट शक्तीवर चालवावे, त्यांपैकी ३ किलोवॉट चाकांस द्यावेत, उरलेले १२ किलोवॉट जनित्राद्वारे विद्युत् घटमालेत, म्हणजे बॅटरीत, साठवावेत. मग एंजिन बंद करून त्या साठ्यावर गाडी चालवावी. आता आक्षेपकाचा मुद्दा येथे नेमका कसोटीस लागतो.

घटमालेत वीज जाताना व बाहेर येताना, जनित्र, इन्व्हर्टर, रासायनिक क्रिया आणि चलित्र या प्रत्येकात थोडी हानी होते. जातानाची व येतानाची कार्यक्षमता प्रत्येकी ८० टक्क्यांहून किंचित अधिक धरल्यास एकूण परतावा ६५ टक्के येतो. म्हणजे एंजिन एक मिनिट चालल्यावर साठलेल्या ऊर्जेवर गाडी पुढे २.६ मिनिटे जाऊ शकेल. एकंदर ३.६ मिनिटांच्या प्रवासास एका मिनिटाचा ४३.५ किलोवॉट हा इंधनखर्च पुरला. म्हणजे सरासरी खर्च १२.१ किलोवॉट. सरळ मार्गाने तो १३.५ होता. बचत झाली, परंतु ती अवघी १० टक्के.

याच गणितात परतावा ५५ टक्के घातला तर सरासरी खर्च १३.६ किलोवॉट येतो, म्हणजे बचत संपून किंचित तोटाच पदरी पडतो. आक्षेपकाची शंका निराधार नव्हती, हे यावरून दिसून येईल. घटमाला ही अडत्यासारखी आहे. ती येता-जाता आपली दलाली कापून घेते. एंजिनाच्या अल्पभारातील उधळपट्टीहून ही दलाली कमी असेल तोपर्यंतच व्यवहार फायद्याचा ठरतो. म्हणून संकरित गाडीच्या रचनाकाराचे सूत्र "शक्य तितकी वीज वापरावी" असे नसून "शक्य तितकी शक्ती यांत्रिक मार्गाने सरळ चाकांकडे जावी, आणि जेथे एंजिन फारच वाईट काम करते तेवढेच काम विजेवर सोपवावे" असे असते.

जोडणीचे प्रकार

एंजिन, जनित्र, चलित्र आणि चाके यांची जोडणी तीन प्रकारांनी करता येते. एकसरी जोडणीत एंजिन फक्त जनित्र फिरविते, आणि चाके पूर्णपणे विद्युत् चलित्रावर चालतात. डिझेल-विद्युत् रेल्वे एंजिनाची रचना अशीच असते, फक्त त्यात साठ्याची घटमाला नसते. या पद्धतीत एंजिनाची गती गाडीच्या वेगापासून स्वतंत्र राहते, परंतु सर्व शक्तीस दुहेरी रूपांतराची झीज सोसावी लागते. समांतर जोडणीत एंजिन व चलित्र दोन्ही एकाच दंडाला पीळ देतात. होंडाच्या १९९९ च्या इनसाइट गाडीत एक लिटर धारणेचे तीन सिलिंडरांचे एंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये एक चपटे, सुमारे १० किलोवॉट शक्तीचे चलित्र बसविलेले होते. ही रचना साधी व हलकी, परंतु एंजिनाची गती निवडण्याचे स्वातंत्र्य तिच्यात थोडे.

तिसऱ्या प्रकारात शक्ती दोन वाटांनी विभागली जाते. प्रियसची योजना याच प्रकारची आहे. तिचे मर्म दंतचक्रांच्या एका साध्या जुळणीत आहे.

सूर्य, ग्रह आणि कडे

या जुळणीत मध्यभागी एक दंतचक्र असते, त्यास सूर्यचक्र म्हणतात. त्याभोवती काही ग्रहचक्रे एका सामाईक धारकावर बसविलेली असतात. सर्वांच्या बाहेर आतल्या अंगास दाते असलेले कडे असते. प्रियसच्या दुसऱ्या आवृत्तीत सूर्यचक्रास ३० दाते आणि कड्यास ७८ दाते आहेत. एंजिन ग्रहधारकास, एक लहान विद्युत् यंत्र सूर्यचक्रास, आणि दुसरे मोठे विद्युत् यंत्र कड्यास जोडलेले असते. कडेच पुढे दंतचक्रांमार्फत चाकांशी कायमचे निगडित असते. या गाडीत नेहमीची गिअरपेटी नाही आणि एंजिनास चाकांपासून तोडणारा क्लचही नाही.

दातांच्या संख्येवरून तिन्ही भागांच्या गतींचा संबंध असा मिळतो:

३० × सूर्यचक्राची गती + ७८ × कड्याची गती = १०८ × धारकाची गती.

यातील कड्याची गती गाडीच्या वेगाने ठरते. परंतु सूर्यचक्राची गती त्यास जोडलेल्या विद्युत् यंत्राद्वारे हवी तशी ठेवता येते, आणि त्यामुळे एंजिनाची गतीही हवी तशी निवडता येते. नेहमीच्या गिअरपेटीचे काम येथे केवळ एका विद्युत् यंत्राची गती बदलून साधले जाते.

ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगास कडे मिनिटाला १,८०० फेरे घेते असे धरून काही अवस्था तपासू. एंजिन बंद असेल तर धारकाची गती शून्य, आणि समीकरणाप्रमाणे सूर्यचक्र उलट दिशेने ४,६८० फेरे घेते. त्यावर पीळ नसल्याने ते नुसतेच फिरत राहते. एंजिन सुरू करावयाचे झाल्यास हेच यंत्र सूर्यचक्राची उलटी गती आवरते, आणि धारक, म्हणजेच एंजिन, फिरू लागते. वेगळ्या स्टार्टरची गरज राहत नाही. एंजिन १,५०० फेऱ्यांवर आले की सूर्यचक्राची गती ७२० होते.

आता शक्तीची वाटणी पाहू. दंतचक्रांच्या भूमितीमुळे एंजिनाच्या पिळाचा १०८ पैकी ७८, म्हणजे सुमारे ७२ टक्के, भाग नेहमी कड्याकडे आणि २८ टक्के भाग सूर्यचक्राकडे जातो. पिळाची ही वाटणी कायम असते, परंतु शक्तीची वाटणी गतींवर अवलंबून असल्याने बदलते. वरील अवस्थेत एंजिनाच्या शक्तीपैकी केवळ १३ टक्के शक्ती सूर्यचक्रामार्फत विजेत रूपांतरित होते. उरलेली ८७ टक्के लोखंडी दातांवरून सरळ चाकांकडे जाते. एंजिनाची गती १,३०० फेरे असेल तर सूर्यचक्र स्थिर राहते आणि विजेची वाट जवळजवळ मिटते. याउलट जोराने वेग घेण्यासाठी एंजिन २,५०० फेऱ्यांवर नेले तर विजेचा हिस्सा ४८ टक्क्यांवर जातो. यावरून शांतपणे चालविलेल्या गाडीस इंधन कमी का लागते, याचे एक यांत्रिक कारण स्पष्ट होते. दलाली घेणारी वाट त्या वेळी अरुंद असते.

अ‍ॅटकिन्सन आवर्तन

चलित्राच्या साह्याचा आणखी एक लाभ एंजिनाच्या रचनेतच घेतला जातो. नेहमीच्या ओटो आवर्तनात संपीडन व प्रसरण यांचे गुणोत्तर सारखेच असते. त्यामुळे प्रसरण संपल्यावरही वायूंत पुष्कळ दाब शिल्लक राहतो आणि तो निष्कास झडपेतून व्यर्थ जातो. १८८२ मध्ये जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी प्रसरणाचा टप्पा संपीडनाच्या टप्प्यापेक्षा लांब ठेवणारे एंजिन योजिले. त्यासाठी त्यांना दांड्यांची गुंतागुंतीची रचना करावी लागली. आधुनिक एंजिनात हाच परिणाम प्रवेश झडप उशिरा मिटवून साधतात. दट्ट्या वर येऊ लागला तरी झडप काही काळ उघडी राहते, आत आलेल्या हवेचा काही भाग परत जातो, आणि प्रत्यक्ष संपीडन प्रसरणापेक्षा लहान होते. कमी शक्ती हवी असता थ्रॉटल मिटण्याची गरजही यामुळे घटते आणि पंपन-हानी आटोक्यात राहते.

याची किंमत शक्तीत मोजावी लागते. प्रियसच्या दुसऱ्या आवृत्तीतील दीड लिटर एंजिन केवळ ५७ किलोवॉट शक्ती देते. त्याच कुळातील, त्याच धारणेचे साधे एंजिन सुमारे ८० किलोवॉट देत असे. शिवाय कमी गतीवर त्याचा पीळ अपुरा पडतो. एकट्याने गाडी ओढणाऱ्या एंजिनात हा दोष असह्य ठरला असता. विद्युत् चलित्राचा पीळ मात्र शून्य गतीपासूनच पूर्ण मिळतो. म्हणून एकाचे उणे दुसरा भरून काढतो. प्रियसच्या २००९ च्या आवृत्तीतील एंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता सुमारे ३८ टक्के होती, आणि २०१५ च्या आवृत्तीत ती ४० टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. एंजिनाच्या या सुधारणेचा वाटा एकूण बचतीत मोठा आहे, आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो.

ब्रेकमधील उष्णता

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपरोक्त गाडीची गतिज ऊर्जा सुमारे १२५ किलोजूल असते. साध्या गाडीत ब्रेक लावताच ही सर्व ऊर्जा तबकड्यांच्या उष्णतेत जाते. संकरित गाडीत मोठे विद्युत् यंत्र जनित्रासारखे काम करू लागते, चाकांस उलटा पीळ देते, आणि मिळालेली वीज घटमालेत जाते.

शहरात दर किलोमीटरला एकदा थांबावे लागते असे समजू. चाकांपाशी लोटण-विरोधासाठी १२७, हवेच्या विरोधासाठी सरासरी ६०, आणि ब्रेकमध्ये जाणारे सुमारे ११० असे मिळून जवळजवळ ३०० किलोजूल दर किलोमीटरला लागतात. गतिज ऊर्जेतील उरलेले पंधरा किलोजूल वेग उतरत असताना वरील विरोधांतच खर्ची पडतात. ११० किलोजूलांचा ६५ टक्के परतावा धरल्यास सुमारे ७० किलोजूल पुन्हा वापरास मिळतात. म्हणजे चाकांपाशी लागणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ चौथा हिस्सा. येथे दलाली दिली तरी ती लाभातूनच दिली जाते, कारण ही ऊर्जा एरवी पूर्णपणे वाया गेली असती. घटमालेच्या व्यवहारांत सर्वांत निर्मळ नफा याच व्यवहाराचा असतो.

परंतु ब्रेक कसा लावला जातो यावर हा नफा अवलंबून आहे. १२५ किलोजूल दहा सेकंदांत काढून घेतले तर सरासरी शक्ती १२.५ किलोवॉट होते. चारच सेकंदांत थांबावयाचे झाल्यास ती ३१ किलोवॉटांवर जाते, आणि आरंभीच्या क्षणी तर याच्या दुप्पट. लहान घटमाला वीस-पंचवीस किलोवॉटांहून अधिक शक्ती एकदम सामावून घेऊ शकत नाही. उरलेले काम घर्षणाच्या ब्रेकलाच करावे लागते.

मर्यादा

या गाडीची घटमाला जाणूनबुजून लहान ठेवलेली असते. प्रियसच्या दुसऱ्या आवृत्तीत निकेल-धातुहायड्राइड प्रकारचे १६८ घट एकसरीत जोडून २०१.६ व्होल्ट दाब मिळविला होता. त्यांची धारणा ६.५ अँपिअर-तास, म्हणजे एकूण साठा सुमारे १.३ किलोवॉट-तास. घटांचे आयुष्य टिकावे म्हणून हा साठा पूर्ण रिता किंवा पूर्ण भरलेला होऊ दिला जात नाही, मधल्या सुमारे ४० टक्के पट्ट्यातच तो खेळविला जातो. वापरण्याजोगा साठा त्यामुळे अर्धा किलोवॉट-तास, म्हणजे १.९ मेगॅजूल उरतो. एक लिटर पेट्रोलची औष्णिक ऊर्जा सुमारे ३२ मेगॅजूल असते. यावरून ही घटमाला इंधनाचे कोठार नसून, येणाऱ्या-जाणाऱ्या ऊर्जेचा क्षणिक हौद आहे, हे उघड होईल.

घाटरस्त्यावर हौदाचा हा लहानपणा जाणवतो. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५५० मीटर खाली येते. वरील गाडीची स्थितिज ऊर्जा यात ७ मेगॅजूलांनी घटते. पंधरा किलोमीटरांच्या उतारात विरोधांनी ३ मेगॅजूल खाल्ले तरी ४ मेगॅजूल ब्रेकच्या वाट्यास येतात. हौद अर्ध्यावर असेल तर त्यात जेमतेम एक मेगॅजूल मावतो. तो भरल्यावर उरलेली ऊर्जा इंधन न घेता एंजिन फिरवून व घर्षणाच्या ब्रेकने उष्णतेतच घालवावी लागते. घाट चढताना खर्च केलेले उतरताना सारे परत मिळते, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही.

महामार्गावरही बचत आटते. ताशी १०० किलोमीटर वेगास १२ किलोवॉट शक्ती सतत लागते. तेथे एंजिन मुळातच बऱ्या कार्यक्षमतेवर चालत असते, ब्रेकचे प्रसंग विरळ असतात, आणि गाडी उभी राहत नाही. बचतीची तीन प्रमुख द्वारे तेथे अर्धवट मिटतात. एंजिनाच्या आवर्तनातील व गाडीच्या वायुगतिक आकारातील सुधारणा तेवढ्या उपयोगी पडतात. अमेरिकेतील सरकारी चाचणीत २०१० च्या प्रियसला शहरी चक्रात गॅलनला ५१ मैल आणि महामार्गाच्या चक्रात ४८ मैल, म्हणजे लिटरला अनुक्रमे २१.७ व २०.४ किलोमीटर मिळाले. साध्या गाडीत हा क्रम नेहमी उलटा असतो. शहरातील आकडा महामार्गाच्या आकड्यापेक्षा चांगला असणे हीच संकरित गाडीची खूण आहे.

प्रमाणित आकड्यांचा अर्थ

भारतात पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) यांसारख्या संस्थांमध्ये गाड्यांची चाचणी झाल्यावर इंधन-वापराचे आकडे प्रमाणित होतात. दीर्घकाळ प्रचारात असलेल्या भारतीय चालन-चक्राचा पहिला, शहरी भाग १९५ सेकंदांचा असून तो चार वेळा करतात. त्यातील सुमारे ३० टक्के काळ गाडी उभीच असते. दुसऱ्या भागात वेग ताशी ९० किलोमीटरांपर्यंत जातो. वारंवार थांबणे आणि मंद वेग यांचे हे मिश्रण संकरित गाडीस स्वभावतःच अनुकूल आहे.

२०२२ मध्ये बाजारात आलेल्या मारुतीच्या ग्रँड व्हिटारा गाडीच्या पूर्ण संकरित प्रकाराचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, तर केवळ लहान साहाय्यक चलित्र असलेल्या, हाताने गिअर बदलण्याच्या प्रकाराचा २१.११ किलोमीटर होता. या दोन आकड्यांवरून "तेहतीस टक्के बचत" असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा आहे. खर्च मोजावयाचा तो अंतरामागे लागणाऱ्या इंधनाने. १०० किलोमीटरांस पहिल्यास ३.५८ आणि दुसऱ्यास ४.७४ लिटर लागतात. म्हणजे प्रत्यक्ष बचत २४ ते २५ टक्के. शिवाय दोन्ही प्रकारांतील एंजिने एकच नाहीत. पहिल्यात अ‍ॅटकिन्सन आवर्तनाचे तीन सिलिंडरांचे, तर दुसऱ्यात चार सिलिंडरांचे एंजिन आहे. तेव्हा सर्व फरकाचे श्रेय विजेस देणे योग्य होणार नाही.

समारोप

आरंभी मांडलेल्या आक्षेपाचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. रूपांतरांत हानी होते हे निर्विवाद आहे, आणि परतावा पुरेसा नसेल तर ती सारी बचत गिळूनही टाकते. परंतु साध्या गाडीतील पेट्रोल एंजिन उभे असताना जळते, अल्पभारावर आपल्या शक्तीच्या मानाने दुप्पट खाते, आणि त्याने मिळविलेली गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. या तीन उधळपट्ट्यांची बेरीज विद्युत् मार्गाच्या दलालीपेक्षा मोठी आहे, इतकेच संकरित गाडीचे रहस्य. तिच्यात ऊर्जा निर्माण होत नाही, गळती तेवढी बुजविली जाते.

यातूनच तिची मर्यादाही निश्चित होते. जेथे गळती मोठी, तेथे लाभ मोठा. गर्दीच्या शहरात तो भरघोस, मोकळ्या महामार्गावर माफक, आणि लांब घाटात हौदाच्या मापाएवढा. कोणत्या वाहनास, कोणत्या रस्त्यावर ही योजना उपयुक्त ठरेल हे ठरविताना प्रमाणपत्रावरील एका आकड्यापेक्षा त्या रस्त्यावरील थांबे, वेग आणि चढउतार यांची नोंद अधिक मार्गदर्शक ठरते. आपल्या शहरांतील प्रत्यक्ष वाहतुकीची अशी पद्धतशीर मोजणी करणे, आणि तिच्या आधारे वर मांडलेला जमाखर्च प्रत्येक मार्गासाठी नव्याने मांडून पाहणे, हे पदव्युत्तर अभ्यासकांच्या सहज आवाक्यातील आणि उपयुक्त असे कार्य आहे.